तांदळातले खडे आणि दहशतवाद्यांचा पैसा

२५ नोव्हेंबर २००८. इटलीतील ब्रेशिया या शहरातून, पैसे पाठवण्याची सोय असलेल्या एका दुकानातून, अमेरिकेतील एका कंपनीच्या नावे २२९ डॉलर पाठवले गेले. त्या वेळच्या दराने साधारण साडेअकरा हजार रुपये. ही कंपनी इंटरनेटवरून दूरध्वनी करण्याची सोय पुरवत असे. दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस या ठिकाणी हल्ले सुरू झाले आणि १६६ माणसे मारली गेली. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार दहा हल्लेखोरांना फोनवरून क्षणोक्षणी सूचना देत होते. त्या फोनच्या सोयीसाठीच हे २२९ डॉलर भरलेले होते.

त्या दुकानात काउंटरवर बसलेल्या माणसाला काही संशय यायला हवा होता का? त्याच्यासमोर आलेली रक्कम लहान होती, ती घेणारी कंपनी सरळ व्यवहार करणारी होती, आणि असे पैसे पाठवणारी माणसे त्याच्याकडे दिवसभर येत असणार.

वर्गात मुले हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. "सगळ्या बँका संगणकावर आहेत, आकाशातून विमाने फोटो घेतात, मग दहशतवादी आधीच का सापडत नाहीत?" प्रश्न भाबडा वाटला तरी चांगला आहे. त्याच्या उत्तराचा काही भाग राजकारणात आहे, काही पोलिसांच्या कामात आहे. पण एक मोठा भाग साध्या गणितात आहे, आणि तो सातवी-आठवीच्या मुलांनाही कळू शकतो. या लेखात आपण तोच भाग पाहू.

हल्ल्याला किती पैसा लागतो?

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत १९ जणांनी चार विमाने पळवली आणि सुमारे तीन हजार माणसे मारली. या घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने २००४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार या संपूर्ण कटाचा खर्च चार ते पाच लाख डॉलर इतका होता. त्यातील सुमारे तीन लाख डॉलर अमेरिकेतील बँकांमधून फिरले. अपहरणकर्त्यांनी खाती उघडली ती स्वतःच्याच नावाने. पैसे संयुक्त अरब अमिरातीतून बँकेमार्फत आले, काही प्रवासी धनादेशांच्या रूपाने आले, काही रोख आणले गेले. विमान चालवायला शिकण्याची फी, घरभाडे, जेवणखाण असा त्यांचा खर्च होता. परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात याहून वेगळे काय दिसते?

हल्ल्यापूर्वी एकाही बँकेने या १९ जणांच्या एकाही व्यवहाराविषयी संशयाचा अहवाल सरकारला पाठवला नव्हता. आयोगाच्या तपासनिसांनी सगळी कागदपत्रे मागाहून पाहिली तेव्हा, बँकांनी तसा अहवाल पाठवायला हवा होता असे त्यांनाही म्हणता आले नाही.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. एका हल्ल्याचा खर्च थोडा असतो. संघटना चालवण्याचा खर्च मात्र मोठा असतो. त्याच अहवालात, २००१ पूर्वी अल् कायदाचा वर्षाचा खर्च सुमारे तीन कोटी डॉलर असावा असा अमेरिकी गुप्तचर खात्याचा अंदाज दिला आहे. शिबिरे, शस्त्रे, माणसांचे पगार, आश्रय देणाऱ्या तालिबानला दिलेले पैसे हे सगळे त्यात आले. पुढे २०१४ नंतर इराक-सीरियात 'इस्लामिक स्टेट'ने तेल विकून आणि लोकांकडून कर व खंडणी उकळून पैसा उभा केला. एवढा मोठा प्रवाह लपवणे अवघड असते. तेलाच्या विहिरी, टँकर, देणग्या गोळा करणाऱ्या संस्था यांच्यावर लक्ष ठेवता येते आणि प्रवाह अडवताही येतो. अडचण आहे ती २२९ डॉलरांच्या थेंबाची.

चाळणी, सूप आणि डोळे

तांदूळ निवडताना घरी काय करतात ते आठवून पाहू. आधी चाळणीने चाळतात. तांदळाहून बारीक असलेली माती आणि कणी खाली पडते. मग सुपात घेऊन पाखडतात. हलका कोंडा उडून जातो. तरीही तांदळाएवढाच आणि तांदळाच्याच रंगाचा एखादा खडा राहतो. त्यासाठी तांदूळ ताटात पसरून डोळ्यांनी पाहावे लागते, आणि एवढे करूनही कधीतरी तो दाताखाली येतोच.

चाळणी आकार पाहते, सूप वजन पाहते आणि डोळे रंग व चकाकी पाहतात. या तीन वेगवेगळ्या परीक्षा आहेत. एकीतून सुटलेला खडा दुसरीत सापडतो तो याचमुळे. तीच चाळणी तीन वेळा फिरवली तर काहीच साधत नाही. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता थोडे गणित. समजा, एका देशात दहा लाख बँकखाती आहेत आणि त्यांपैकी १०० खाती दहशतवाद्यांची आहेत. संशयास्पद खाते ओळखणारी एक फार चांगली पद्धत आपल्याकडे आहे. दहशतवाद्यांच्या १०० खात्यांपैकी ९९ ती बरोबर पकडते. निरपराध माणसांच्या बाबतीत ती शंभरात फक्त एकदा चुकते. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षातील कोणतीही पद्धत इतकी अचूक असण्याची शक्यता कमीच.

आता या पद्धतीने एका खात्यावर बोट ठेवले. ते खाते खरोखरच दहशतवाद्याचे असण्याची शक्यता किती? वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले, आणि बहुतेक मोठी माणसेही, ९९ टक्के असे सांगतात. मोजून पाहू.

दहशतवाद्यांची खाती १००; त्यांपैकी पकडली गेली ९९.
निरपराधांची खाती ९,९९,९००. त्यांतील शंभरात एक याप्रमाणे चुकीने पकडली गेली ९,९९९.
एकूण पकडलेली खाती १०,०९८.

म्हणजे पकडलेल्या सुमारे १०२ खात्यांमागे खरे खाते एक! शक्यता ९९ टक्के नसून एका टक्क्याच्या जवळपास आहे. पद्धतीत दोष नाही. निरपराधांची संख्याच इतकी प्रचंड आहे की त्यांच्यातील एक टक्का चूकसुद्धा खऱ्या गुन्हेगारांना झाकून टाकते. शोधायची वस्तू जितकी दुर्मिळ, तितके खोटे इशारे जास्त. या हिशेबामागचा नियम टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग नियम कडक करून निरपराधांना वगळावे का? समजा, चूक हजारात एकावर आणली. निरपराध पकडले जातील सुमारे एक हजार. पण निकष इतके कडक केले की काही खरे गुन्हेगारही निसटणार. समजा शंभरातील ८० सापडले. आता १,०८० मध्ये ८०, म्हणजे साधारण चौदांत एक. आणि २० जण मोकळे. चुका दोन प्रकारच्या असतात: निरपराधाला पकडणे आणि अपराध्याला सोडणे. एकाच चाळणीने एक चूक कमी करू गेलो की दुसरी वाढते.

चिंचोक्यांचा प्रयोग

हे वर्गात करून पाहता येते. तीस मुलांना प्रत्येकी दहा चिंचोके द्या. एकूण तीनशे. त्यांतील तिघांच्या खाली आधीच खडूची खूण करून ठेवा. हे तीन 'अपराधी'. खुणेचा चिंचोका नेहमीच पकडला जातो असे धरा. बाकी प्रत्येक चिंचोक्यासाठी फासा टाकायचा. सहा पडले तर तो चिंचोका 'संशयित' म्हणून बाजूला ठेवायचा. २९७ निरपराध चिंचोक्यांपैकी साधारण पन्नास बाजूला पडतील आणि त्यांच्यात ते तीन असतील.

आता या संशयितांसाठी पुन्हा नव्याने फासा टाका. पन्नासांचे आठ-नऊ राहतील. तिसऱ्यांदा टाका. एक-दोनच उरतील, आणि खरे तिघे तर आहेतच. तीन परीक्षांनी निवड बरीच चोख झाली.

मग प्रयोगाचा दुसरा भाग करा. पहिल्या फेरीतील पन्नास संशयित दुसऱ्या गटाकडे द्या आणि त्यांना सांगा, "हे सगळे पहिल्या गटाने संशयित ठरवलेले आहेत. तुम्हालाही पटत असेल तर सही करा." फासा टाकायचाच नाही. सह्या दोन झाल्या, तीन झाल्या. पण पन्नासांचे पन्नासच राहिले. तपासणी कितीदा झाली यापेक्षा ती दर वेळी स्वतंत्रपणे झाली का हे महत्त्वाचे आहे, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते.

चुकीने पकडलेले: सोमालियाची गोष्ट

आपल्याकडे सावकारांच्या हुंड्या चालत, हे आपण इतिहासात शिकवतो. हवाला हा हुंडीचाच भाऊबंद. समजा, अमेरिकेत मिनियापोलिस शहरात टॅक्सी चालवणाऱ्या एका सोमाली तरुणाला गावाकडे आईला १०० डॉलर पाठवायचे आहेत. तो ते तिथल्या दलालाला देतो. दलाल सोमालियातील आपल्या माणसाला फोन करतो आणि तो माणूस स्वतःजवळचे १०० डॉलर आईला देतो. नोटा समुद्र ओलांडत नाहीत. दोन दलालांच्या वह्यांत देणे-घेणे लिहिले जाते. उलट दिशेने कोणी ८० डॉलर पाठवले तर फरक राहतो २० डॉलरांचा, आणि तेवढाच कधीतरी मालाच्या किंवा बँकेच्या व्यवहारातून फेडायचा. पद्धत स्वस्त आणि जलद आहे, पण बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. म्हणूनच काही देशांत नोंदणी केल्यास असा व्यवसाय करता येतो, तर भारतात परकीय चलन कायद्याखाली हवाला बेकायदेशीर आहे.

१९९१ मध्ये सोमालियातील सरकार कोसळले. बँका राहिल्या नाहीत. परदेशी गेलेल्या मुलांनी पाठवलेल्या पैशांवर घरे चालू लागली. ते पैसे पोहोचवणारी सर्वांत मोठी कंपनी होती अल् बरकात. सुमारे चाळीस देशांत तिची कार्यालये होती, आणि सोमालियात ती दूरध्वनीसेवाही चालवत असे. ७ नोव्हेंबर २००१ रोजी, अमेरिकेवरील हल्ल्याला दोन महिने व्हायच्या आत, अमेरिकेने ही कंपनी दहशतवाद्यांना पैसा पुरवते असे जाहीर केले. कार्यालयांवर छापे पडले, खाती गोठली, आणि इतर देशांनाही तेच करावे लागले. वाटेत असलेले पैसे अडकले. ज्यांचा कशाशीच संबंध नव्हता अशा कुटुंबांचा महिन्याचा खर्च थांबला.

२००४ मध्ये त्याच चौकशी आयोगाच्या तपासनिसांनी या प्रकरणाचा आढावा घेतला. कंपनीच्या वह्या तपासल्या गेल्या होत्या, पण अल् कायदाला पैसे पुरवल्याचा आरोप सिद्ध करील असा पुरावा हाती लागला नव्हता. यादीतील काही नावे २००२ मध्येच वगळली गेली. संस्थापकाचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून निघायला २०१२ उजाडले. दरम्यान, सप्टेंबर २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने या आणि अशाच एका प्रकरणात निकाल दिला: ज्याची मालमत्ता गोठवायची त्याला आरोप काय आहे हे कळले पाहिजे आणि त्याचे म्हणणे मांडता आले पाहिजे.

हा निकाल कायद्याचा आहे, पण आपल्या चिंचोक्यांच्या भाषेतही तो सांगता येतो. आरोपीचे म्हणणे ऐकणे म्हणजे फासा नव्याने टाकणे. ज्याने संशय घेतला त्याच्या हाती नसलेली माहिती त्यातून पुढे येते.

आकाशातली चाळणी

बँकेतील चूक उशिरा का होईना, दुरुस्त होऊ शकते. आता जिथे दुरुस्तीच नाही अशा ठिकाणी जाऊ.

ड्रोन म्हणजे आत चालक नसलेले विमान. अमेरिकेचे रीपर हे ड्रोन वीस हजार फुटांहून अधिक उंचीवर तासन् तास घिरट्या घालू शकते. ते चालवणारी माणसे हजारो किलोमीटर दूर, अगदी नेवाडाच्या वाळवंटातील तळावरही, बसलेली असतात आणि उपग्रहामार्फत त्यांच्यापुढे चित्र येते. हे चित्र स्पष्ट असले तरी त्याचा आवाका अरुंद असतो. पपईच्या देठाच्या नळीतून अंगण पाहिल्यासारखे. अवरक्त किरणांचा कॅमेरा वस्तूचे तापमान दाखवतो, त्यामुळे रात्रीही माणूस दिसतो. पण डबा दिसला तरी डब्यात काय आहे हे त्यात दिसत नाही.

२००४ पासून अमेरिकेने पाकिस्तानच्या सरहद्दीवरील टोळ्यांच्या भागात ड्रोनने हल्ले केले. सुरुवातीला ते नावाने माहीत असलेल्या माणसांवर होते. २००८ पासून, नाव माहीत नसले तरी वागण्याचा नमुना दहशतवाद्यासारखा दिसतो, अशांवरही हल्ले होऊ लागले. कोण कुठे जमते, कोणत्या गाडीतून फिरते, काय चढवते-उतरवते यावरून निर्णय होऊ लागला. वाचकांच्या ध्यानात आले असेल की ही आपली बँकेचीच चाळणी आहे. लाखो माणसांत मोजके दहशतवादी, आणि लक्षणे अशी की ती साध्या माणसांतही आढळावीत.

२९ ऑगस्ट २०२१ चा काबूलमधील दिवस या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तीनच दिवस आधी विमानतळाच्या दाराशी आत्मघाती स्फोट झाला होता. १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसे त्यात गेली होती. दुसरा स्फोट होणार अशी खबर होती आणि त्यात पांढऱ्या टोयोटा कोरोला गाडीचा उल्लेख होता. काबूलमध्ये ही गाडी पावलोपावली दिसते. तशी एक गाडी संशयित ठिकाणाजवळ दिसली, आणि सुमारे आठ तास ड्रोन तिच्या मागावर राहिले. गाडी काही ठिकाणी थांबली, माणसे चढली-उतरली, आत जड डबे ठेवले गेले. संध्याकाळी ती एका अंगणात शिरली आणि तिच्यावर क्षेपणास्त्र सोडले गेले.

गाडी चालवणारा माणूस एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता. डब्यांत पाणी होते. दहा माणसे मेली. त्यांपैकी सात मुले होती. पत्रकारांनी गाडीचा दिवसभराचा मार्ग चित्रफितींतून जुळवून दाखवल्यावर, १७ सप्टेंबरला अमेरिकी सैन्याने चूक कबूल केली. नंतरच्या चौकशीत आढळले की हल्ल्यापूर्वी दोन मिनिटे अंगणात एक मूल चित्रात दिसत होते, पण त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या दिवशी गाडीवर आठ तास अनेकांची नजर होती. मग एवढी चूक कशी झाली? चौकशी अहवालाने दिलेले एक कारण असे: ही गाडी दहशतवाद्याचीच आहे असे एकदा धरल्यावर पुढचे प्रत्येक दृश्य त्याच समजुतीत बसवले गेले. गाडी थांबली की ती साथीदाराला भेटायला, आणि डबे चढवले की ती स्फोटके. दर तासाला नवी माहिती येत होती, पण फासा नव्याने टाकला जात नव्हता. पाहणारे अनेक होते, परीक्षा एकच होती. चिंचोक्यांच्या प्रयोगातील दुसरा भाग तो हाच.

घाईचे कारण खोटे नव्हते, हेही सांगायला हवे. विमानतळावर खरोखरच माणसे मेली होती आणि संशयिताला सोडण्याची किंमतही मोठी होती. पण म्हणूनच दोन्ही चुका मांडून हिशेब करावा लागतो. घाबरलेल्या मनाला एकच चूक दिसते.

मग उपयोगी काय पडते?

आमच्या समजुतीप्रमाणे या सगळ्यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, सर्वांना चाळून अनोळखी गुन्हेगार शोधण्यापेक्षा हाती लागलेल्या धाग्याने पुढे जाणे अधिक फळ देते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे गेली. तपासाला दिशा मिळाली ती वरळीत बेवारस सापडलेल्या, शस्त्रे असलेल्या मारुती व्हॅनमुळे. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या एका घरापर्यंत पोहोचले. ब्रेशियाचे २२९ डॉलरही हल्ल्यानंतरच्या तपासात अर्थपूर्ण ठरले. पैशाच्या नोंदी ठेवण्याचा मोठा फायदा हाच. भारतात २००२ चा काळ्या पैशाविरुद्धचा कायदा २००५ मध्ये अमलात आला, आणि दहा लाख रुपयांहून मोठ्या रोख व्यवहारांची माहिती बँकांनी सरकारला कळवावी लागते. अशा नोंदींतून आधीच सगळे कळेल ही अपेक्षा चूक आहे. धागा सापडल्यावर त्या अमोल ठरतात.

दुसरी, संशय ही तपासाची सुरुवात आहे. यंत्राने दाखवलेल्या शंभरांपैकी नव्व्याण्णव निरपराध असू शकतात, हे ठाऊक असलेला अधिकारी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतो.

तिसरी, चूक जितकी न भरून येणारी, तितक्या जास्त आणि तितक्याच वेगळ्या परीक्षा आधी हव्यात. गोठवलेले खाते उघडता येते, पण त्या अंगणातील मुले परत आणता येत नाहीत.

आणि हे फक्त सरकारांपुरते नाही. वर्गात पेन हरवते आणि सगळ्यांच्या नजरा एकाच मुलाकडे वळतात. त्याने मागेही काहीतरी केले होते, तो आज घाबरलेला दिसतो, तो मधल्या सुट्टीत वर्गातच होता. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण सुट्टीत आणखी किती जण वर्गात होते, आणि घाबरलेले आणखी किती, हे कोणी मोजलेले नसते. पुढच्या वेळी तसे झाले तर चिंचोके बाहेर काढा.